भिंतीवरील जड वस्तूंची बसवणी

फळ्या, कपाटे, पाणी तापविण्याची टाकी (गीझर), हात धुण्याचे भांडे, दूरचित्रवाणी संच, वातानुकूलन यंत्राचा खोलीतील भाग यांसारख्या वस्तूंचा भार जमिनीवर न टेकविता भिंतीकडून सुरक्षितपणे पेलवून घेण्याची रचना. भिंत दगडाची अथवा विटांची व भरीव असल्यास भोक पाडून, त्यात गिट्टी ठोकून स्क्रू पिळला म्हणजे बहुतेक काम भागते. भिंतीची दर्शनी बाजू जिप्समाच्या पातळ फलकाची असून त्यामागे पोकळी किंवा उष्णतानिरोधक थर असेल, तर मात्र हीच कृती धोक्याची ठरते. अशा भिंतीत डोळ्यांना दिसणारा पृष्ठभाग आणि भार घेणारा भाग हे दोन वेगळे असतात व दोहोंमधील अंतर कधी कधी १० सेंमी. पर्यंत असते. भार या अंतरापलीकडे कसा पोचवावयाचा, हाच या कामातील मुख्य प्रश्न होय.

पूर्वपरंपरा : भिंती जाड होत्या तेव्हा जड वस्तू बाहेर टांगण्यापेक्षा भिंतीच्या जाडीतच सामावून घेण्याची प्रथा होती. परभणी जिल्ह्यातील जिंतूर तालुक्यात चारठाणा येथे यादवकाळाशी जोडली जाणारी देवालये, गोकुळेश्वराचे मंदिर, त्याजवळील बारव व एक कोरीव दगडी स्तंभ प्रसिद्ध आहेत. या प्रकारच्या हेमाडपंती बांधकामात चुन्याचा वापर न करता घडीव चिरे एकमेकांवर बसवितात आणि रचना मुख्यतः चिऱ्यांच्या वजनाने व सांध्यांच्या घडणीने स्थिर राहते. त्यात भिंतीवरील मूर्तीसाठी देवकोष्ठ म्हणजे कोनाडा ठेवतात. मूर्तीचे वजन कोनाड्याच्या तळाच्या चिऱ्यावर सरळ खाली उतरते; ओढून बाहेर काढणारा जोर निर्माणच होत नाही. पुढे आलेला भाग हवाच असेल, तर त्या चिऱ्याची शेपटी भिंतीत खोलवर नेऊन तिच्यावर वरच्या थरांचे ओझे ठेवतात. त्या ओझ्यामुळे पुढील टोक खाली कलंडू शकत नाही.

मराठवाड्यातील धाब्याच्या घरांतही हेच तत्त्व दिसते. दगड आणि पांढरी माती यांची अर्धा मीटरहून जाड भिंत, तीत देवळी, कोनाडा, फडताळ व धान्यासाठी बळद. आणि घोंगडे, कंदील, बैलाचा साज अडकविण्यासाठी लाकडी खुंट्या. चांगली खुंटी भिंत रचतानाच बसवीत. तिची बरीचशी लांबी भिंतीत जाई व बाहेरचे टोक किंचित वर उचललेले असे, म्हणजे अडकविलेली वस्तू घसरत नसे. मागाहून ठोकलेली खुंटी मातीच्या भिंतीत फार काळ टिकत नाही, हा अनुभव जुना आहे.

या घरांची आणखी एक गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. माळवदाचे ओझे पुष्कळ घरांत भिंतींवर नसून लाकडी खांब व तुळया यांच्या खणांवर असते. भिंत ही मुख्यतः आडोसा व उष्णतेपासून संरक्षण यांसाठी असते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी (जि. लातूर) परिसरात झालेल्या भूकंपात आठ हजारांवर माणसे मृत्युमुखी पडली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती पोटातून फुटून ढासळल्या आणि त्यांखाली झोपलेली माणसे गाडली गेली. अनेक ठिकाणी लाकडी खणांचा सांगाडा मात्र उभा राहिला. जाड दिसणारी भिंत भरवशाची असतेच असे नाही, आणि भार कोणता भाग घेतो हे बाहेरून दिसत नाही, या दोन्ही गोष्टी त्या वेळी फार मोठ्या किमतीने कळून आल्या. सांगाडा व आच्छादन यांची ही विभागणी आधुनिक फलकांच्या भिंतीत तर पूर्णत्वास गेली आहे.

फलक व निरोधक थर : जिप्सम हे कॅल्शियम सल्फेटाचे जलयुक्त खनिज असून त्याच्या वजनाचा सु. एक-पंचमांश भाग स्फटिकजलाचा असतो [⟶ जिप्सम]. ते भाजून केलेले पीठ पाण्यात कालवून कागदाच्या दोन थरांत घट्ट होऊ दिले म्हणजे फलक तयार होतो. कागदाचे थर देऊन असा फलक करण्याचे एकस्व (पेटंट) अमेरिकेत ऑगस्टीन सॅकेट यांनी १८९४ मध्ये मिळविले. भारतात या फलकांसाठी आय. एस. २०९५ हे मानक आहे. नेहमीच्या वापरातील फलक १२.५ मिमी. जाडीचा असतो व त्याचे वजन दर चौ. मी. स सु. ८ ते १० किग्रॅ. भरते. आगीत त्यातील स्फटिकजलाची वाफ होऊन उष्णता शोषली जाते, हा त्याचा मोठा गुण. ताण सोसण्याचे काम मात्र मुख्यतः बाहेरचा कागद करतो. आतील जिप्सम दाबात बरे असले तरी ओढीत ठिसूळ असते. म्हणून स्क्रूचे डोके कागद फाडून आत शिरले, की त्या ठिकाणचे बळ जवळजवळ संपते.

निरोधक थराच्या मांडणीवरून या भिंतींचे दोन प्रकार पडतात. पहिल्यात जस्तलेपित पत्र्याचे किंवा लाकडाचे उभे खांब सु. ४० ते ६० सेंमी. अंतरावर उभे करून दोन्ही बाजूंनी फलक ठोकतात व मधील पोकळीत काचलोकर किंवा खनिज लोकर भरतात. कार्यालये, दुकाने, दवाखाने यांतील आडभिंती बहुधा अशा असतात. दुसऱ्यात मूळची दगडी, विटांची वा काँक्रीटची भिंत तशीच ठेवून तिच्या आतल्या अंगाला फेसाळ प्लॅस्टिकचा (उदा., पॉलिस्टायरीन) थर पाठीशी चिकटविलेले फलक लावतात. हा थर सामान्यतः २५ ते ६० मिमी. जाड असतो, शिवाय चिकटविण्याच्या गोळ्यांमुळे किंवा पट्ट्यांमुळे मागे १ ते २.५ सेंमी. पोकळी राहते. युरोपातील थंड हवेत ऊब राखण्यासाठी रूढ झालेली ही पद्धत परभणीसारख्या प्रखर उन्हाळ्याच्या प्रदेशात वातानुकूलित खोल्यांसाठी उपयोगी पडते. धाब्याच्या भिंतीने जे काम जाडीने साधले, ते येथे काही सेंटीमीटरांत साधते. परंतु त्या जाडीबरोबर खुंटीची पकडही गेली.

फेसाळ थर आणि लोकर यांना भार घेणारे पदार्थ समजू नये. बोटाने दाबले तरी ते दबतात, आणि सततच्या दाबाखाली हळूहळू अधिकच दबत जातात. अशा भिंतीत स्क्रू ‘घट्ट लागला’ असे वाटले, तरी पुष्कळदा फलकाचा थोडासा भाग निरोधक थरात चेपला गेला एवढाच त्याचा अर्थ असतो.

भाराचे स्वरूप : वस्तूचे वजन किती, एवढेच विचारून भागत नाही, ते भिंतीपासून किती अंतरावर आहे, हे तितकेच महत्त्वाचे आहे. २० किग्रॅ. वजनाचा दूरचित्रवाणी संच भिंतीलगत बसविला व त्याचा गुरुत्वमध्य भिंतीपासून ५ सेंमी. वर असला, आणि त्याच्या पट्टीवरील वरचे व खालचे बोल्ट एकमेकांपासून २० सेंमी. वर असले, तर वरच्या बोल्टांवर बाहेर ओढणारा जोर सु. ५ किग्रॅ. इतकाच येतो. तोच संच पुढे ओढता येणाऱ्या हातावर बसवून ५० सेंमी. बाहेर काढला, तर हा जोर ५० किग्रॅ. होतो. वजन बदललेले नाही. तरफेची लांबी दहापट झाली आहे. फलकाला अशी ओढ मुळीच मानवत नाही. पट्टी उभी व उंच घेऊन बोल्टांमधील अंतर वाढविले, तर ओढ त्याच प्रमाणात कमी होते.

वस्तूंची वजने ठरविताना भरलेल्या स्थितीतील वजन धरावे. १५ लिटरांचा गीझर दुकानातून आणताना सु. १० किग्रॅ. असतो, पाणी भरल्यावर २५ किग्रॅ. होतो. एक मीटर लांबीच्या फळीवर ओळीने लावलेली पुस्तके सु. २५ ते ३० किग्रॅ. भरतात. हात धुण्याच्या भांड्यावर कोणीतरी कधीतरी टेकणारच, हेही गृहीत धरावे लागते. याखेरीज पंख्याचे किंवा यंत्राचे कंपन आणि दार आपटल्याचे हिसके यांनी स्क्रूचे भोक हळूहळू मोठे होत जाते. २०२४ च्या मार्च व जुलै महिन्यांत हिंगोली जिल्ह्यात झालेले ४.५ प्रतीचे भूकंप शेजारच्या परभणी व नांदेड जिल्ह्यांतही जाणवले. अशा धक्क्यांनी इमारतीचे नुकसान झाले नाही, तरी उशाशी टांगलेले कपाट सुटून पडू शकते. म्हणून झोपण्याच्या जागेवर जड वस्तू न टांगणे हेच श्रेयस्कर.

गिट्ट्या व टॉगल : भिंतीत भोक पाडून त्यात लाकडाचा तुकडा ठोकावयाचा व त्यात स्क्रू पिळावयाचा, ही गिट्टीची रीत सुतारांना पूर्वीपासून अवगत आहे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या आरंभी लंडनमधील ब्रिटिश म्युझियममध्ये भिंतींना इजा न करता विजेची उपकरणे बसविण्याच्या कामातून जॉन रॉलिंग्ज यांनी ताग व प्राण्यांचे रक्त यांपासून केलेली नळीसारखी गिट्टी पुढे आणली. ‘रॉल प्लग’ हे आपल्याकडील दुकानांतही रूढ झालेले नाव त्यातून आले. जर्मनीतील आर्टूर फिशर यांची नायलॉनची गिट्टी १९५८ मधील आहे. या सर्वांचे कार्य एकच : स्क्रू आत शिरताना गिट्टी फुगते व भोकाच्या कडांवर दाबली जाऊन घर्षणाने धरून राहते. म्हणजे फुगण्याला विरोध करणारे भरीव द्रव्य भोवती हवे. १२.५ मिमी. च्या फलकात ते मिळत नाही. उलट फुगणारी गिट्टी फलकालाच फोडते.

पोकळ भिंतीसाठी म्हणून वेगळ्या तऱ्हा निघाल्या. छत्रीप्रमाणे मागे उलगडणारी धातूची गिट्टी आणि स्प्रिंगने पंख पसरणारा टॉगल यांत फलकाच्या पाठीमागे एक रुंद आधार तयार होऊन ओढ मोठ्या क्षेत्रावर पसरते. चित्रे, आरसे, हलक्या फळ्या यांना त्या पुरतात. मात्र पंख उलगडण्यास मागे मोकळी जागा लागते. फेसाचा थर पाठीला चिकटलेला असेल, तर पंख अर्धवट उघडतात किंवा फेसातच रुतून बसतात, आणि ही गोष्ट बाहेरून कळत नाही. वेष्टनावर छापलेली भारक्षमता सामान्यतः स्थिर, भिंतीला समांतर व नव्या कोरड्या फलकातील असते. चाचणीत ज्या भाराला बंधन मोडते त्याच्या चतुर्थांशाहून अधिक भार न ठेवण्याचा संकेत आहे, तो पाळलेला बरा. फलकाचेच बळ मर्यादित असल्याने बंधने दुप्पट केली म्हणजे भारक्षमता दुप्पट होते, असेही नाही. जवळजवळ पाडलेली भोके एकमेकांना दुबळी करतात.

सांगाड्यावर बसवणी : खांबांच्या भिंतीत सर्वांत विश्वसनीय उपाय म्हणजे स्क्रू सरळ खांबात घेणे. खांबाची जागा टकटक करून आवाजातील फरकावरून ओळखता येते. फलक ठोकलेल्या स्क्रूंवर लोहचुंबक चिकटतो, त्यावरून ती अधिक अचूक सापडते. लाकडी खांबात लाकडाचा स्क्रू चालतो. पत्र्याचे खांब मात्र पुष्कळदा अर्ध्या मिलीमीटरच्या आसपास जाड असल्याने त्यांत स्क्रूचे एखाददुसरेच आटे पकड घेतात. येथे एका खांबावर भिस्त न ठेवता दोन किंवा तीन खांबांना सांधणारी आडवी पट्टी लावून तिच्यावर वस्तू बसवितात.

याहून चांगला मार्ग फलक लावण्यापूर्वीचा आहे. गीझर, भांडे, कपाट कोठे येणार हे ठरवून त्या उंचीवर दोन खांबांमध्ये १८ मिमी. जाडीच्या प्लायवुडची फळी किंवा लाकडाची आडवी पट्टी बसवावी आणि तिची मापे नकाशावर नोंदवून ठेवावीत. यास लागणारा खर्च फार थोडा असतो. तरीही हे काम वारंवार राहून जाते. कारण भिंत उभारणारा, नळजोडणी करणारा व घर सजविणारा हे तिघे वेगवेगळ्या वेळी येतात आणि कोणीच दुसऱ्याला विचारीत नाही. गिट्ट्यांच्या निवडीविषयी पुष्कळ चर्चा होते, पण बहुतेक अपघातांचे मूळ या न विचारण्यात असते, असे म्हणावयास हरकत नाही. जड भांड्यांसाठी जमिनीवर उभी राहणारी पोलादी चौकट भिंतीच्या आत ठेवण्याचीही पद्धत आहे. तिच्यात भार सरळ जमिनीवर जातो आणि फलक केवळ झाकण्याचे काम करतो.

मागील भिंतीवर बसवणी : फेसयुक्त फलकामागे भरीव भिंत असल्यास लांब स्क्रू किंवा बोल्ट निरोधक थर ओलांडून त्या भिंतीत निदान ५ ते ६ सेंमी. शिरला पाहिजे. फलक, फेस व पोकळी मिळून ७ सेंमी. असल्यास सु. १३ सेंमी. लांबीचा स्क्रू लागतो. परंतु लांबी पुरेशी असणे म्हणजे काम सुरक्षित असणे नव्हे. फेसातून जाणारा स्क्रू हा एका टोकाला धरलेल्या व दुसऱ्या टोकाला ओझे लटकविलेल्या काठीसारखा वागतो. ६ मिमी. व्यासाची साधी पोलादी सळई भिंतीबाहेर ६ सेंमी. काढून तिच्या टोकाला १० किग्रॅ. वजन लावले, तर तीतील ताण पोलाद कायमचे वाकण्याच्या मर्यादेपर्यंत पोचतो. स्क्रूच्या आट्यांच्या तळाशी तर व्यास याहूनही कमी असतो. सळईची जाडी दुप्पट केल्यास हेच बळ आठपट होते. म्हणून येथे अनेक बारीक स्क्रूंपेक्षा थोडे पण जाड बोल्ट इष्ट.

दुसरी आवश्यक गोष्ट म्हणजे अंतर राखणारी नळी. फलक व फेस यांत नळीच्या बाहेरील व्यासाएवढे भोक पाडून, फलकाच्या दर्शनी पृष्ठापासून मागील भिंतीपर्यंत बरोबर पोचेल अशी धातूची किंवा कठीण प्लॅस्टिकची नळी बसवितात आणि बोल्ट तिच्यातून नेतात. बोल्ट आवळला म्हणजे पट्टी, नळी व भिंत ही एकमेकांवर घट्ट बसतात. आवळण्याचा दाब फलकावर येत नाही, आणि वरचा बोल्ट ओढीत व खालची नळी दाबात राहून वस्तू पेलली जाते. नळी न घातल्यास पट्टीचा खालचा काठ फलक चेपीत आत जातो, वरचा बोल्ट ढिला होतो आणि वस्तू हळूहळू पुढे झुकते. गीझरच्या खालच्या बाजूस फलकावर उमटलेला खळगा हे याचे पहिले लक्षण होय. ते दिसताच पाणी काढून टाकून टाकी उतरवून घ्यावी.

भोक पाडताना फलक व फेस यांतून ड्रिल केवळ फिरते ठेवावे. ठोके देणारी गती तेथे वापरल्यास फलकाची मागील बाजू फुटते. ती मागील भिंत लागल्यावरच सुरू करावी. भोकातून बाहेर येणाऱ्या भुकटीकडे लक्ष ठेवणे उपयुक्त असते : पांढरी भुकटी जिप्समाची, त्यानंतर फेसाचे कण, मग काही न येता ड्रिल पुढे सरकले तर पोकळी, आणि शेवटी विटेची लाल किंवा काँक्रीटची करडी भुकटी. विजेच्या तारा व नळ यांची जागा आधी तपासून घेणे अर्थातच आवश्यक आहे.

मागील भिंतीची जात ओळखल्याशिवाय गिट्टी निवडू नये. काँक्रीट व पक्क्या विटा यांत नेहमीची फुगणारी गिट्टी धरते. वायुयुक्त काँक्रीटच्या हलक्या ठोकळ्यांत लांब व रुंद आट्यांची खास गिट्टी लागते. जुन्या वाड्याच्या दगडमातीच्या भिंतीला आतून फलक लावले असतील, तर मात्र कोणतीही गिट्टी भरवशाची नाही, कारण सांध्यांतील मातीला पकड नसते. अशा वेळी बोल्ट भिंतीच्या आरपार नेऊन पलीकडे रुंद पोलादी पत्रा लावतात किंवा जमिनीवर टेकलेला खांब उभारून त्यावर वस्तू बसवितात. शक्य असेल तेथे मूळच्या लाकडी खांबाचा आश्रय घेणे उत्तम.

काचतंतुयुक्त जिप्समाची पटले : वरील फलकांशी नामसाम्य असले तरी ही रचना वेगळी आहे. मुंबईत तुर्भे (ट्रॉम्बे) येथील राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स या खतकारखान्याने फॉस्फोरिक अम्लाच्या निर्मितीत उरणाऱ्या फॉस्फोजिप्समापासून काचतंतू घालून १२४ मिमी. जाडीची पोकळ पटले तयार केली. त्यांच्या आत उभ्या पोकळ्या असून बाहेरील कवच सु. १५ मिमी. चे असते. आवश्यक त्या पोकळ्यांत सळया व काँक्रीट भरून ही पटले भारवाही भिंती म्हणून वापरता येतात. जड वस्तू बसविताना काँक्रीटने भरलेली पोकळी शोधून तीतच बोल्ट घ्यावा लागतो. रिकाम्या पोकळीच्या कवचावर पूर्वोक्त सर्व मर्यादा लागू पडतात.

ओल व उष्णता : भिजलेला फलक मऊ पडतो व सुकल्यावरही त्याचा कागद पूर्वीसारखा चिकटून राहत नाही. स्नानगृहात म्हणून जलरोधक फलक किंवा सिमेंटचे फलक वापरतात. फरश्या लावलेल्या असल्यास त्यांचे वजनही फलकावर आधीच असते, हे लक्षात घ्यावे लागते. निरोधक थरातून गेलेला प्रत्येक धातूचा बोल्ट उष्णतेला वाट करून देतो. पावसाळ्यात वातानुकूलित खोलीच्या भिंतीत बाहेरची दमट हवा भोकातून शिरून गार धातूवर पाणी धरते व बोल्ट गंजू लागतो. याकरिता जस्तलेपित किंवा अगंज पोलादाचे बोल्ट वापरून भोकाच्या कडा सिलिकोनने बंद करतात. वस्तू काढून घेतल्यावर मोठे भोक नुसत्या लुकणाने बुजवून त्याच जागी पुन्हा स्क्रू घेणे निरुपयोगी असते. फलकाचा तेवढा चौकोन कापून, मागे लाकडी पट्टी देऊन नवा तुकडा बसवितात आणि सांध्यावर कागदी पट्टी लावून तो एकजीव करतात.